हलका तंबू आणि डोंगरातील हवा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, नाट्यसंगीत, आहारशास्त्र असे भारदस्त विषय झाले. त्यांच्या पंगतीत 'तंबू' हा विषय वाढलेला पाहून काही सभासदांनी कार्यवाहांकडे चौकशी केली म्हणे, की हे गृहस्थ मांडव घालण्याची कंत्राटे घेतात की काय! तसे काही नाही. केंद्र सरकारच्या सेवेत तीस वर्षे फायलींवर शेरे मारण्यात घालविलेला मी एक साधा बी. ए. पदवीधर आहे. नोकरीने मला या डेहराडूनच्या खोऱ्यात आणून सोडले आणि समोर डोंगर उभे होते, म्हणून सुट्ट्यांमध्ये पाठीवर बोजा घेऊन हिंडू लागलो. आपल्यामध्ये सर्वेक्षण विभागातून निवृत्त झालेले ज्येष्ठ सभासद बसलेले मला दिसत आहेत. त्यांनी तंबूत काढलेल्या रात्रींची संख्या माझ्या रजेच्या खात्यात मावणार नाही. त्यांच्यासमोर या विषयावर बोलण्याचे धाडस त्यांच्याच परवानगीने करतो.

हे धाडस करण्यास कारण घडले ते असे. गेली दोन-तीन वर्षे मंडळातील पालक मला एकच प्रश्न विचारीत आहेत. मुलगा केदारकंठ्याला निघाला आहे, मुलगी मैत्रिणींबरोबर दयारा बुग्याळकडे जाणार आहे, बरोबर अडीच-तीन हजारांचा हलका तंबू घेतला आहे; तेवढ्यावर त्यांना पाठवावे की नाही? या प्रश्नावर घरोघरी दोन पक्ष पडलेले असतात. एका पक्षाच्या मते स्वस्त तंबू म्हणजे जिवाशी खेळ. चाळीस-पन्नास हजारांचा परदेशी तंबू परवडत नसेल तर घरी बसावे. दुसऱ्या पक्षाच्या मते कापड ते कापड, चार काठ्या त्या चार काठ्या, उगाच बाऊ कशाला? पहिला पक्ष बहुधा आईवडिलांचा असतो, दुसरा मुलांचा, हे सांगायला नको.

मला दोन्ही पक्ष मान्य नाहीत. स्वस्त तंबू वाईट हवेत कोठे हार खातो ती ठिकाणे ठरलेली आहेत. त्यांतील बरीचशी घरच्या घरी, शेदोनशे रुपयांत आणि एका रविवारच्या श्रमात सुधारता येतात. पण त्यानंतरही एक मर्यादा उरते, आणि ती कोणत्याही शिवणकामाने पुढे सरकत नाही. ही मर्यादा निघण्यापूर्वी ज्याला ठाऊक आहे त्याला मी खुशाल जाऊ देईन. ज्याला ठाऊक नाही त्याला पन्नास हजारांचा तंबू असला तरी अडवीन.

आपल्याला तंबू नवा नाही. राहुटी, पाल, डेरा, कनात, शामियाना असा शब्दांचा केवढा संसार आपल्या भाषेत आहे! आषाढी वारीच्या वाटेवर दिंड्यांच्या राहुट्या आपण पाहिल्या आहेत. भर पावसात त्या उभ्या राहतात त्या जाड सुती कापडाच्या गुणाने. सुती धागा भिजला की फुगतो आणि विणीतील छिद्रे मिटतात. म्हणून पहिल्या सरीला थोडी ठिबकणारी राहुटी नंतर धरते. मात्र आतून कोणी बोट टेकवले की नेमकी तेथेच पाझरू लागते, हे लहानपणी ज्यांनी करून पाहिले आणि धपाटा खाल्ला त्यांना आठवत असेल. या कापडाचा दोष एकच, वजन. भिजली राहुटी उचलायला बैलगाडी नाहीतर मालमोटार हवी.

पाठीवर वाहून नेण्याजोगा तंबू हा डोंगर चढणाऱ्यांचा शोध. मॅटरहॉर्न शिखरावर १८६५ साली प्रथम चढलेला एडवर्ड व्हिंपर याने त्याआधीच्या वर्षांत स्वतःसाठी एक तंबू बेतला होता. त्याचे वजन दहा किलोंच्या आसपास होते आणि पुढे कित्येक वर्षे जगभरचे गिर्यारोहक तसाच तंबू वापरीत. त्यानंतरच्या पिढीतील आल्बर्ट ममरी याने रेशमी कापडाचा अगदी चिमुकला तंबू केला आणि दांड्यांचेही ओझे नको म्हणून बर्फातल्या कुऱ्हाडीच दांडे म्हणून उभ्या केल्या. हा ममरी १८९५ साली नंगा पर्बतावर रघुबीर थापा व गोमन सिंग या दोन गुरखा जवानांसह नाहीसा झाला. १९३५ मध्ये नायलॉनचा शोध लागला, पाठोपाठ पॉलिएस्टर आले, आणि जे काम पूर्वी रेशमावर धनिकांनाच करता येई ते दोन-अडीच किलोंच्या गाठोड्यात सर्वांच्या आवाक्यात आले. आज ज्याला आपण स्वस्त हलका तंबू म्हणतो तो व्हिंपरच्या तंबूच्या चौथाई वजनाचा आहे आणि पाऊस त्याहून चांगला अडवतो, हे निंदा करणाऱ्यांनी विसरू नये.

मुंबई-पुण्याकडची आपली भाचे-पुतणे मंडळी हे तंबू राजमाचीला किंवा हरिश्चंद्रगडावर वापरून आलेली असतात. 'काका, तिथे काही झाले नाही,' असे ती विश्वासाने सांगतात. ती खोटे बोलत नाहीत. पण महाराष्ट्रातील सर्वांत उंच कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे आपल्या शेजारच्या मसुरीपेक्षाही ठेंगणी. केदारकंठ्याची चढण जेथून सुरू होते ते सांक्री गावच तिच्याहून वर आहे आणि तेथून शिखर जवळजवळ दोन हजार मीटर उंचावर. दर हजार मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. सह्याद्रीत पाऊस आडवा येतो, वारा कड्यावरून उसळतो, हे सगळे खरे. पण तेथे भिजलेला माणूस सकाळपर्यंत कुडकुडतो आणि खाली उतरून चहा पितो. येथे भिजलेल्या माणसाला वारा लागला तर सकाळ होईलच असे नाही.

आता तंबूकडे वळू. प्रथम पाणी.

तंबूच्या चिठ्ठीवर १५००, २००० किंवा ३००० मिलिमीटर असा आकडा छापलेला असतो. तो पावसाचा आकडा नव्हे. त्या कापडावर पाण्याचा तेवढ्या उंचीचा स्तंभ उभा केला तर थेंब आत येऊ लागतो, असा त्याचा अर्थ. वरून पडणाऱ्या पावसाला पंधराशे ते दोन हजार पुरेसे आहेत, आणि स्वस्त तंबूंच्याही वरच्या कापडाला बहुधा तेवढे असतात. अडचण तळाला येते. ओल्या जमिनीवर माणूस गुडघा टेकतो तेव्हा पंचवीस किलोंचा भार पन्नास चौरस सेंटिमीटरवर पडला असे धरा. दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो झाला. हा दाब पाच मीटर उंचीच्या पाण्याएवढा, म्हणजे चिठ्ठीच्या भाषेत ५०००. म्हणूनच वरून कोरडा असलेला तंबू गुडघ्यांखाली आणि कोपरांखाली ओला होतो आणि लोक छपराला शिव्या देतात. उपाय साधा आहे. तळाखाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरावा. मात्र तो तंबूच्या कडेपेक्षा चार बोटे आतच राहील असा कापावा. बाहेर डोकावणारा कागद छपरावरून ओघळणारे पाणी झेलतो आणि मोठ्या प्रेमाने आपल्या पाठीखाली आणून सोडतो.

दुसरी गळती शिवणीची. सुई जेथून गेली तेथे भोक आहेच. महाग तंबूंत प्रत्येक शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली असते. स्वस्तात ती काही शिवणींवर असते, काहींवर नसते आणि कोपऱ्यांत तर बहुधा सुटलेली असते. शिवण बुजविण्याचे लुकण बाजारात मिळते. कापडावर सिलिकॉनचा लेप असेल तर सिलिकॉनचेच लुकण लागते, कारण त्याच्यावर दुसरे काही चिकटत नाही. साध्या पॉलियुरेथेनच्या लेपाला त्या जातीचे घ्यावे. दोन कोरड्या दुपारी एवढे काम होते.

तिसरी 'गळती' ही गळतीच नव्हे, पण सर्वाधिक तक्रारी तिच्याच असतात. झोपलेला माणूस रात्रभरात श्वासावाटे आणि घामावाटे पाव ते अर्धा लिटर पाणी हवेत सोडतो. तंबूत तिघे असले तर तांब्याभर पाणी झाले. थंड कापडाला लागून त्याचे थेंब होतात आणि पहाटे वारा हलला की तोंडावर पाऊस पडतो. दुहेरी तंबूत हे थेंब बाहेरच्या कापडावर राहतात आणि आतल्या जाळीदार कापडामुळे माणूस बचावतो. एकेरी कापडाचा तंबू कितीही हलका आणि कितीही स्वस्त मिळाला तरी हिमालयासाठी घेऊ नये असे मी सांगतो ते याच कारणाने. दुहेरी तंबूतही लोक थंडीला भिऊन सगळ्या चेना गळ्यापर्यंत लावून घेतात. वरची झरोक्याची फट आणि दाराचा वरचा वीतभर भाग उघडा ठेवावा, एक जुना पंचा हाताशी असावा, आणि दोन्ही कापडे एकमेकांना चिकटू नयेत एवढी ओढ बाहेरच्या कापडाला द्यावी.

येथे स्वस्ताईचा एक गुणही सांगून टाकतो. महाग, अतिहलके तंबू पुष्कळदा नायलॉनचे असतात. नायलॉन पाणी शोषते, सैल पडते आणि रात्री उठून दोऱ्या पुन्हा ओढाव्या लागतात. स्वस्त तंबू बहुतेक पॉलिएस्टरचे. ते फारसे ताणत नाही आणि डोंगरातल्या प्रखर उन्हातही नायलॉनपेक्षा अधिक टिकते. म्हणजे स्वस्त तंबूत कापड हा सर्वांत दुबळा भाग नाही. दुबळे भाग निराळे आहेत, आणि ते वारा दाखवून देतो.

वाऱ्याचा हिशेब आम्हा कला शाखेच्या लोकांनाही जमण्यासारखा आहे. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. तीन हजार मीटरवर हवा विरळ, समुद्रसपाटीच्या पाऊणपटच दाट. तेथे ताशी ३० किलोमीटरचा वारा एक चौरस मीटर कापडावर सुमारे तीन किलोंचा रेटा देतो. ताशी ६० झाला की तोच रेटा बारा किलोंवर जातो. तंबूची वाऱ्याकडची बाजू दोन चौरस मीटरची धरली तर पंचवीस किलोंचे पोते कोणीतरी सतत ढकलीत आहे, आणि झोताझोताने ढकलीत आहे, असे समजा. हा भार कोणी घ्यायचा? कापडाने नव्हे, दांड्यांनी एकट्यांनीही नव्हे. तो दोऱ्यांनी घेऊन मेखांना द्यायचा आणि मेखांनी जमिनीला. तंबूच्या दोरीला आपल्याकडे जुना शब्द आहे तणावा. सरकारी नोकरीत तणाव म्हटला की निराळेच काही मनात येते, पण मूळचा तणावा तंबूला सावरून धरणारा आहे.

आणि खरी मेख मेखांतच आहे. किमतीत कपात करताना कारखानदार सर्वप्रथम येथे कात्री लावतो. तंबूबरोबर ज्या मेखा मिळतात त्या वाकवलेल्या तारेच्या आकड्यांसारख्या असतात. मऊ मातीत त्या उपटून येतात, खडकाळ जमिनीत वाकतात. तणावे चार-सहाच असतात, आणि पुष्कळ लोक तेही पिशवीतून बाहेर काढीत नाहीत. छान हवेत त्यांच्यावाचून तंबू उभा राहतो ना! कोनाकृती ॲल्युमिनियमच्या आठ-दहा मेखा वेगळ्या घ्याव्यात. मेख ठोकताना तिचे डोके तंबूपासून दूर झुकलेले असावे, म्हणजे दोरी तिच्याशी काटकोन करते. बाहेरच्या कापडाला आतून बारीक पट्ट्या शिवलेल्या असतात, त्या दांड्याला बांधाव्यात. नाहीतर तणावा नुसते कापड ओढतो आणि दांडा मोकळाच वाकत राहतो. या पट्ट्या कशासाठी आहेत हे तीन वर्षे तंबू वापरणाऱ्यांनाही ठाऊक नसल्याचे मी पाहिले आहे.

दांडे काचतंतूचे असतील तर ते थंडीत उभे चिरतात आणि त्यांची कुसळे हातात शिरतात. ॲल्युमिनियमचा दांडा आधी वाकतो, म्हणजे निदान सूचना तरी देतो. दांड्यांवर घालण्याची वीतभर लांबीची नळी जवळ असावी. ती नसली तर बांबूच्या दोन कामट्या आणि चिकटपट्टी यांवर रात्र निघते.

उत्तरकाशीहून संगमचट्टीमार्गे दोडीतालला आम्ही पाच जण एका मे महिन्यात गेलो होतो. तळे तीन हजार मीटरवर, सभोवार ओक वृक्षांचे रान. बरोबर दोन तंबू होते. एक पाहुण्याने परदेशातून आणलेला उंची, दुसरा आमच्या कार्यालयातील एका तरुण सहकाऱ्याचा, बाजारातला सर्वांत स्वस्तांपैकी. या मुलाने आदल्या आठवड्यात घरी बसून तंबूच्या कापडावर चार जादा कड्या शिवून घेतल्या होत्या आणि मेखा बदलल्या होत्या. मुक्कामावर पोहोचल्यावर तंबूची ठेंगणी बाजू वाऱ्याकडे करून त्याने प्रत्येक मेखेवर परातीएवढा दगड ठेवला. आम्ही त्याची थट्टा केली. चहा थंड होतो आहे आणि हा किल्ला बांधतो आहे! पाहुण्याने तणावे लावलेच नाहीत, कारण आभाळ निरभ्र होते. दुपारी अडीचला गारा सुरू झाल्या. मे-जूनमध्ये आपल्या डोंगरात दुपारी हे असेच होते, सकाळच्या निळ्या आभाळावर जाऊ नये. तास-दीड तास गारा आणि झोतांचा वारा चालू होता. उंची तंबूची एक बाजू इतकी आत दबली की त्यातली दोघे पाठ लावून दांडा धरून बसली. कापडाला काही झाले नाही, ते खरोखर उत्तम होते. एक दांडा मात्र वाकला तो वाकलाच. स्वस्त तंबू फडफडला, कोपऱ्यातून थोडे पाणी आले, पण जागचा हलला नाही. रात्री पाचही जण त्या तीन माणसांच्या तंबूत झोपलो. झोपलो म्हणजे एकमेकांच्या कुशीवर उजाडण्याची वाट पाहिली. पहाटे छताचे थेंब टिपायला माझा पंचा पुरला नाही.

या एका रात्रीवरून स्वस्त तंबू सरस ठरतो असे कोणी घेऊ नये. दोन्ही तंबू सारख्याच काळजीने उभारले असते तर उंची तंबूने तो वारा हसत सोसला असता. शिवाय आम्ही झाडीत होतो. तोच वारा उघड्या धारेवर ताशी ऐंशीचा झाला असता, तर रेटा त्याहून जवळजवळ दुप्पट झाला असता, आणि दोन काचतंतूंच्या दांड्यांवर उभ्या असलेल्या कापडाला दगडांनी किती आधार दिला असता? झाडांची सीमा ही माझ्या मते अशा तंबूची पहिली मर्यादा आहे. त्या रेषेच्या वर अंदाज चांगला असेल तर एखादी रात्र काढावी. वाईट हवेत मुक्काम करू नये.

दुसरी मर्यादा हिमाची. ताजा भुसभुशीत हिम हलका वाटतो, पण एक घनमीटर हिम शंभर किलोंपर्यंत भरतो, आणि ओला झाला तर दोनशे-तीनशे. तंबूच्या तीन चौरस मीटरच्या छपरावर फूटभर ताजा हिम साचला तर नव्वद किलो झाले. माणूस छपरावर चढून बसल्यासारखेच ते. तीन ऋतूंसाठी म्हणून विकलेल्या तंबूचे छप्पर सपाट असते आणि हिम घसरून जात नाही. उपाय एकच, दर अर्ध्या-पाऊण तासाने आतून थोपटून हिम पाडणे आणि कडेला साचलेला फावड्याने किंवा थाळीने दूर करणे. पाळीपाळीने जागे राहावे लागते. कडेचा हिम तसाच राहिला तर खालून हवा येणे बंद होते, आणि अशा वेळी कोणी आत चूल पेटवली तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोप येते आणि माणूस उठत नाही. पालकहो, मुलांना बाकी काही सांगितले नाही तरी चालेल, पण तंबूत स्टोव्ह पेटवायचा नाही एवढे शपथ घालून सांगा.

रात्रभर हिम पडेल असा अंदाज असेल तर स्वस्त तंबूने जाऊच नये, किंवा गेल्यास अंधार पडण्यापूर्वी उतरावे. डिसेंबर ते मार्च पश्चिमेकडून येणाऱ्या विक्षोभांचा इशारा हवामान खाते काही दिवस आधी देते. तो वाचून बेत बदलण्यात कसला आला आहे कमीपणा? आणि ऑक्टोबर म्हणजे स्वच्छ हवा या समजुतीवरही फार विसंबू नये. १९ ऑक्टोबर २०२१ रोजी मुक्तेश्वरला २४ तासांत ३४०.८ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवसांत वर लमखागा खिंडीकडे आणि सुंदरढुंगा भागात हिमात सापडून हौशी भटके प्राणांस मुकले.

जागेविषयी थोडक्यात. ओढ्याकाठची सपाट वाळू ही ओढ्याचीच वाट असते. ८ जुलै २०२२ रोजी अमरनाथ गुहेजवळ अचानक आलेल्या लोंढ्याने तंबू वाहून नेले आणि अनेक यात्रेकरू दगावले. तेथे कापड कोणते होते, किंमत काय होती, याला काही अर्थ नव्हता. दरीच्या अगदी तळाशी रात्री थंड हवा साचते, म्हणून थोडे वर, झाडीच्या कडेला, पण वाळक्या फांदीखाली नाही, अशी जागा पाहावी. एकट्या उंच झाडाखाली व धारेवर विजेची भीती असते आणि तंबू विजेपासून काडीचेही संरक्षण देत नाही. २०१८ साली उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्याळांवरील रात्रीच्या मुक्कामाला मनाई केली तेव्हा बरेच जण नाराज झाले. मला तो निर्णय गवत वाचविणारा वाटला, आणि माणसांना झाडीच्या आसऱ्याला आणणारा म्हणून तंबूंनाही हिताचा वाटला. राहुटीभोवती चर खणण्याची आपली जुनी रीतही या नाजूक हिरवळीवर नको. जागाच किंचित उंचवट्याची निवडली की चराची गरज राहत नाही.

इतके दोष सांगितल्यावर एखादी माता म्हणेल, मग तंबू न्यावाच कशाला, व्यवस्था करणाऱ्यांचे तंबू वर लावलेले असतातच. त्यांना मी सहस्रतालची हकीकत सांगतो. जून २०२४ मध्ये बावीस जणांचा, बहुतेक कर्नाटकातील लोकांचा, गट तेथे गेला होता. तळ्याहून परतताना त्यांना हिमवादळाने गाठले, वाट दिसेनाशी झाली आणि तळावर पोहोचण्यापूर्वीच थंडीने नऊ जण गेले. तळ मागे असतो किंवा पुढे असतो. वादळ आपल्याला मध्ये गाठते. अशा वेळी दोन-अडीच किलोंचा साधासा तंबू कोणाच्या तरी पाठीवर असेल तर चार-पाच माणसे त्यात दाटीवाटीने बसू शकतात. दांडे लावणे जमले नाही तरी ते कापड नुसते अंगावर ओढून घेता येते. भिजलेल्या माणसाला मारतो तो वारा, आणि वारा अडविण्याचे काम स्वस्तातले कापडही चोख करते. खेचरावर लादलेला उत्तम तंबू त्या क्षणी दोन मैलांवर असतो. हलकेपणाचा खरा उपयोग मला येथे दिसतो, आणि म्हणून मुलांनी अडीच हजारांचा तंबू घेतला याचे मला वाईट वाटत नाही. त्याच्याबरोबर उबदार कोरडे कपडे आणि बरी झोपपिशवी घेतली की नाही, हे मी आधी विचारतो. पैसे मोजकेच असतील तर ते तंबूपेक्षा झोपपिशवीवर आणि मेखांवर घालावेत.

परत आल्यावर काय, हा शेवटचा मुद्दा, आणि आपल्याकडे याचीच सर्वांत हेळसांड होते. भिजलेला तंबू पिशवीत कोंबून तसाच माळ्यावर जातो. पॉलियुरेथेनचा लेप ओलसर राहिला की विघटित होऊ लागतो, चिकट होतो आणि त्याला आंबूस वास सुटतो. पुढच्या वर्षी उघडावा तर कापडाला कापड चिकटलेले. ते पुन्हा जलरोधक होत नाही. घरी आल्याबरोबर गच्चीत सावलीला पूर्ण वाळवावा, चेनांतली माती जुन्या दातांच्या ब्रशने काढावी आणि सैल सुती पिशवीत, उशीच्या अभ्र्यात म्हणा, ठेवावा.

मंडळाच्या ग्रंथालयातल्या कपाटावर दोन तंबू पडून आहेत. गेल्या पावसाळ्यानंतर ते कोणी उघडलेले नाहीत असे ग्रंथपाल सांगतात. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता ते मागच्या अंगणात उभारून पाहावेत, असे कार्यवाहांशी बोलून ठरविले आहे. ज्यांच्या घरी तंबू असतील त्यांनी तेही आणावेत. बागेची पाण्याची नळी आणि दोन बादल्या मंडळ देणार आहे. आत बसायला धीट मुले हवीत. त्यांच्या आयांनी कोरडे टॉवेल बरोबर द्यावेत.